चौदा जणांनी पाहिलेला प्लॅन

एका वाचक मैत्रिणीचं भलंमोठं पत्र आलंय, ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात देते. इमारतीतलं जुनं, स्वतःचं घर. घरात त्या, नवरा, कॉलेजला जाणारी मुलगी आणि सासूबाई. किचन ८ बाय ११ फूट, शेजारी हॉल, मधे भिंत. किचन नव्याने करायचं ठरलं आणि डिझायनरने प्लॅन दिला तो असा: मधली भिंत पूर्ण काढायची, तिथे ५ फूट बाय अडीच फुटाचं आयलंड, म्हणजे चारी बाजूंनी मोकळा मधला ओटा, त्यावर शेगडी, हॉलच्या बाजूला तीन स्टुलं. खिडकीखालचं सिंक पार दुसऱ्या टोकाला न्यायचं, त्याच ओळीत डिशवॉशर. ओटा आणि आयलंड यांच्यामधे २ फूट ९ इंच जागा. उंची सगळीकडे ३६ इंच.

प्लॅन आवडला म्हणून त्यांनी तो "कसा वाटतोय?" असं विचारत बहिणी, मैत्रिणी, जावा, ऑफिसमधली मंडळी असा १४ जणांना पाठवला. कुणी म्हणालं आयलंड हवंच, कुणी म्हणालं भिंत पाडलीस तर पस्तावशील, कुणी म्हणालं शेगडी भिंतीलाच बरी, एकीने तर फक्त शटरच्या, म्हणजे कपाटांच्या दारांच्या, रंगावर तीन व्हॉइस मेसेज पाठवले. तीन महिने झाले, प्लॅनच्या पाच आवृत्त्या झाल्या, डिझायनर वैतागली आणि नवरा म्हणतो, "कुणाचं तरी एकाचं ऐक आणि संपव एकदाचं." त्यांचा प्रश्न: "नक्की कुणाचं ऐकू?"

पत्रात जाता जाता आलेली दोन वाक्यं मात्र जशीच्या तशी देते. "सकाळचा स्वयंपाक आईच करतात, त्यांना विचारलं तर म्हणाल्या, तुम्हाला आवडेल तसं करा." आणि शेवटी, "किचनमधे असले की मला फार एकटं पडल्यासारखं होतं, म्हणून ती भिंत नकोच वाटते."

आता उत्तर.

तुम्ही विचारताय कुणाचं ऐकू, आणि मी तुमचं पत्र तीनदा वाचल्यावर मला पडलेला प्रश्न हा की तुम्ही त्यांना विचारलंत तरी काय. "कसा वाटतोय?" या प्रश्नाला माणूस आपल्याला काय आवडतं तेच सांगणार ना, दुसरं काय सांगेल बिचारा. ज्या बहिणीला हॉलमधून किचनचा पसारा दिसलेला खपत नाही ती भिंत ठेव म्हणणार, जिला माणसं गोळा करायला आवडतात ती पाड म्हणणार, आणि दोघींचंही बरोबरच आहे कारण दोघी आपापल्या घराबद्दल बोलतायत. १४ उत्तरं आली ती १४ वेगळ्या किचनांची आहेत, तुमच्या किचनबद्दल त्यात फारच थोडं आहे. त्यामुळे त्यांची बेरीज वजाबाकी करून काही हाती लागणार नाही, आणि नवरा म्हणतो तसं एकाचं ऐकलंत तर त्या एकाचं किचन तुमच्या घरात येईल.

माझंच सांगते म्हणजे तुम्हाला एकटं वाटायला नको. मी माझं किचन केलं तेव्हा येईल त्याला शटरच्या रंगाचे नमुने दाखवत होते. पंधरा दिवस तो एकच विषय. रंग उत्तम निवडला गेला, अजूनही छान दिसतो. पण एल आकाराच्या ओट्याच्या कोपऱ्यात दोन बाजूंच्या ट्रॉल्या एकमेकींना काटकोनात येतात, तिथे मधे दोन-तीन इंचांची बंद पट्टी सोडावी लागते नाहीतर एकीचं हँडल दुसरीला अडतं, हे ना मला माहीत होतं ना मी कुणाला विचारलं होतं. सहा वर्षं झाली, डावी ट्रॉली पूर्ण बंद असेल तरच उजवी उघडते. कुणी घाईत डावी अर्धवट ठेवली की धाडकन आवाज. ज्यांना मी रंग दाखवले त्यातल्या निदान दोघींच्या घरी हाच घोळ होता हो! पण मी रंग विचारला, त्यांनी रंग सांगितला.

तर पहिलं काम, १४ जणांना पुन्हा प्लॅन पाठवू नका. पुढच्या वेळी विचारायचं झालं तर प्लॅन न पाठवता विचारा, "तुझं नवीन किचन झाल्यावर पहिल्या वर्षात कुठल्या गोष्टीने वैताग दिला?" एवढंच. बघा कशी उत्तरं येतात. त्यात आवडनिवड नसते, त्यात ठेचा खाल्लेल्या असतात, आणि त्या बहुतेक वेळा दहा-बारा गोष्टींभोवतीच फिरतात: प्लग कमी पडले, फ्रिजचं दार भिंतीला अडतं, चिरायला बसते तिथे स्वतःचीच सावली पडते, वरच्या कपाटाचा वरचा कप्पा म्हणजे वर्षातून एकदा उघडायची तिजोरी, वगैरे.

दुसरं, आणि मला हे जरा जपून लिहायचंय. ती १४ जणांची यादी मी पुन्हा वाचली. त्यात ज्या व्यक्तीचे रोजचे सकाळचे तास त्या ओट्यापाशी जातात तिचं नाव नाही. तुम्ही म्हणाल विचारलं की, त्या म्हणाल्या तुम्हाला आवडेल तसं करा. पण ते उत्तर नाहीये, ती अडचणीत न येण्याची सवय आहे. घर मुलाचं-सुनेचं, खर्च त्यांचा, आपण मधे कशाला बोला, असं वाटून बहुतेक जण असंच म्हणतील. शिवाय वरून काढलेला नकाशा प्रत्येकाला वाचता येतोच असं नाही, मला स्वतःला बरीच वर्षं वाचता येत नव्हता, मी नुसती मान हलवायचे.

यावरून एक गंमत आठवली. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची आजी म्हणजे फ्रँकफर्ट किचन, १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी केलेलं. जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर, म्हणजे लांबीला तुमच्याएवढं आणि रुंदीला तुमच्याहून बरंच अरुंद, आणि अशी साधारण दहा हजार किचनं फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींमधे बसवली गेली. प्रत्येक पाऊल वाचवलेलं, रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या किचनवरून धडा घेतलेला. आणि या बाईंनी पुढे स्वतःच सांगितलंय की तोवर त्यांनी कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाकही केला नव्हता. किचन हुशार होतं यात वादच नाही, पण एका माणसापुरतं होतं, दुसरं कुणी मदतीला आलं की दोघं एकमेकांना आपटणार, आणि आत काम करणारी बाई घरापासून तुटते ही तक्रार त्यावर नंतर सतत होत राहिली. तुमच्या पत्रातलं एकटं पडणं हे असं शंभर वर्षं जुनं आहे बघा.

त्याच सुमाराला अमेरिकेत लिलियन गिलब्रेथ नावाच्या इंजिनियर बाई होत्या, १२ मुलांची आई, पण स्वयंपाकात स्वतः फारशा रमणाऱ्या नव्हत्या. १९२९ साली त्यांनी एक नमुना किचन मांडलं आणि एकच केक जुन्या मांडणीत आणि नव्या मांडणीत करायला लावून पावलं मोजली, २८१ पावलांची ४५ झाली. पुढे उपकरणांची आणि ओट्याची उंची ठरवताना त्यांनी हजारो बायकांना विचारलं, म्हणजे आपल्याला जे येत नाही ते ज्याला येतं त्याच्याकडून मोजून घेतलं. मला त्यांची ही गोष्ट फार आवडते. तुमच्या घरात तर हजारोंना विचारायचं नाहीये, दोघी आहात.

कसं विचारायचं? प्लॅन घेऊन बसूच नका. एखाद्या सकाळी लवकर उठा, बाजूला उभ्या रहा आणि बघा. आई कुठून काय काढतात, ओलं भांडं कुठे टेकवतात, चिरायला बसतात का उभ्या राहतात, खाली वाकताना कशाला धरतात, कुठला डबा नेहमी ओट्यावरच ठेवतात आणि आत का नाही ठेवत. मग विचारा, "आई, हे तुम्ही इथेच का ठेवता?" याला "तुम्हाला आवडेल तसं" असं उत्तर देता येत नाही. त्या सांगतीलच काहीतरी. आणि जे सांगतील ते लिहून घ्या, तीन दिवस पुरेत. स्वतःचंही तसंच लिहा, संध्याकाळचं. त्या कागदावर डिझायनरला जेवढं कळेल तेवढं पाच आवृत्त्यांमधे कळलं नसेल, कारण तिला तुम्ही हॉलमधून किचन कसं दिसेल हे सांगितलंय, आत उभं राहून काय करायचंय हे बहुतेक कुणीच सांगितलेलं नाही.

आता उंची. तुम्ही लिहिलंय की तुम्ही ५ फूट ५ इंच आणि आई ४ फूट ११. ३६ इंच ही बाजारात ठरून गेलेली उंची आहे, कपाटं त्या मापात येतात, बस. चिरायच्या, मळायच्या कामाला ओटा कोपराच्या ४ ते ६ इंच खाली असला की खांदे वर उचलावे लागत नाहीत आणि कंबरही वाकत नाही. उभं राहून कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेपने मोजा. तुमचं ४१ इंचाच्या आसपास येईल, म्हणजे ३६ तुम्हाला बरोबर. आईंचं ३७च्या आसपास येईल, त्यांना हवा ३१ ते ३३. ३६ इंचाच्या ओट्यावर त्या रोज सकाळी खांदे चढवून काम करणार आणि कधीच काही म्हणणार नाहीत, संध्याकाळी मान दुखतेय म्हणतील फार तर.

मापावर विश्वास नसेल तर इस्त्रीचं टेबल घ्या, खालीवर होणारं. ते वेगवेगळ्या उंचीला लावून त्यावर पाट ठेवून प्रत्येकीने दहा मिनिटं चिरून बघा. अंगाला लगेच कळतं. मग दोन उंच्या करता येतात, सगळा ओटा एका पातळीत हवा असा काही कायदा नाही: शेगडीच्या बाजूचा तीन-साडेतीन फुटांचा तुकडा ३२-३३ इंचांवर, बाकीचा ३६. शेगडी पण जरा खाली असलेली बरी कारण तिच्यावर भांड्याची उंची चढते आणि आपल्याला भांड्याच्या आत बघायचं असतं. सिंकचं उलटं, आपले हात असतात सिंकच्या तळाशी, म्हणून सिंक जरा वर असलं तरी चालतं, फार खोल सिंक घेऊन वर परत ओटा खाली केला तर कंबरेची वाट लागते. दिसायला एकसलग ओट्यासारखं सुंदर दिसणार नाही, हे कबूल. डिझायनर नाक मुरडेल. मुरडू दे.

आता ते २ फूट ९ इंच. म्हणजे ३३ इंच. डिशवॉशरचं दार उघडलं की साधारण दोन-सव्वादोन फूट पुढे येतं, उरले ६ ते ९ इंच. म्हणजे डिशवॉशर उघडा असताना त्या गल्लीतून कुणीच जाऊ शकत नाही, आणि शेगडी आयलंडवर, म्हणजे ज्या व्यक्तीच्या पाठीमागे ते दार उघडणार तिच्यासमोर गॅस पेटलेला. मला या एका गोष्टीने तुमच्या सगळ्या पत्रात सर्वात जास्त धडकी भरली, आणि १४ जणांतल्या एकानेही त्याबद्दल लिहिलेलं नाही, कारण चित्रात डिशवॉशर बंद आहे. किचनच्या मापांचे जे अमेरिकन नियम बरेच जण वापरतात त्यात एक माणूस काम करत असेल तर समोरासमोरच्या दोन ओट्यांमधे ४२ इंच आणि दोन माणसं असतील तर ४८ इंच सांगतात. तुमची रुंदी ८ फूट, म्हणजे ९६ इंच, त्यातून ओट्याचे २४ आणि आयलंडचे ३० गेले की ४२ उरतात. त्या ४२ मधले ९ इंच डिझायनरने स्टुलावर बसणाऱ्यांच्या गुडघ्यांना देऊन टाकलेत! ४२ हवे असतील तर आयलंड ९ इंच हॉलकडे सरकेल, ४८ हवे असतील तर १५ इंच, मग मागे स्टुलं, स्टुलांच्या मागून जायची वाट, आणि मग तुमच्या हॉलचं काय उरतं ते बघावं लागेल. कदाचित आयलंड बसतच नाही. हे वाईट वाटून घेण्यासारखं नाही, ८ फुटांच्या किचनला आयलंड बहुतेक वेळा बसत नाही, चित्रात ते बसतं कारण थ्रीडी चित्र काढताना कॅमेरा जिथे भिंत असते तिथे किंवा भिंतीच्याही पलीकडे नेऊन ठेवता येतो आणि लेन्स रुंद घेतात, म्हणून खोली दीडपट वाटते. खऱ्या घरात तिथे उभं राहायला तुम्हाला जागाच नसते.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. हॉलमधे किंवा गच्चीवर ८ बाय ११ फूट जागा चिकटपट्टीने आखा. ओट्याची रेघ मारा, आयलंडच्या मापाची खोकी एकावर एक रचा, डिशवॉशरच्या दाराच्या मापाचा पुठ्ठा जमिनीवर टाका. आणि मग तुम्ही दोघी, हातात रिकामं पातेलं घेऊन, सकाळी करता ते सगळं नाटक करा. मुलीला मधूनच पाणी प्यायला फ्रिजकडे जायला सांगा. पाच मिनिटांत कोण कुणाला आपटतं ते कळेल, हसायलाही येईल. जमलं तर खोकी आठवडाभर तशीच राहू द्या, कारण पहिल्या दिवशी गंमत म्हणून सगळं चालवून घेतलं जातं आणि चौथ्या दिवशी खरा राग येतो.

सिंक, शेगडी आणि फ्रिज यांचा जो त्रिकोण सगळे सांगतात तो १९४०च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासातून आला. प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट आणि तिन्ही मिळून २६ फुटांच्या आत, असं साधारण माप सांगतात. वापरायला हरकत नाही पण तो एका स्वयंपाक करणाऱ्या माणसाला धरून आखलेला आहे. तुमच्याकडे सुट्टीच्या दिवशी दोघी असता, म्हणून त्रिकोणापेक्षा मी एकच गोष्ट जास्त बघेन, सिंकच्या लगेच शेजारी निदान ३ फूट सलग मोकळा ओटा आहे का. कामाचा सगळ्यात जास्त वेळ धुवून-चिरून ठेवण्यातच जातो, आणि लोक नेमकी तीच जागा मिक्सर, पाण्याचा फिल्टर आणि भांड्यांच्या जाळीने भरून टाकतात.

सिंक हलवायचं का? याचं उत्तर ना माझ्याकडे आहे, ना डिझायनरकडे, ना त्या १४ जणांकडे, ते प्लंबरकडे आहे. सांडपाण्याच्या पाइपला दर फुटाला पाव इंच उतार लागतो. ११ फूट लांब नेलं तर पावणेतीन इंच उतार, अधिक पाइपची जाडी, एवढी खोली जमिनीत किंवा ओट्याखाली कुठून आणणार? फरशी उचलून पायरी करावी लागली तर आईंचा गुडघा आठवा, तुम्हीच लिहिलंय तो दुखतो म्हणून. उतार कमी ठेवला तर पाइप तुंबणार. म्हणून त्याला "सिंक इकडे घेता येईल का?" असं विचारू नका, त्याला तो "येईल की ताई" म्हणेल, काम मिळतंय म्हटल्यावर कोण नाही म्हणतं. विचारा, "इकडे घेतलं तर जमीन किती इंच वर येईल आणि तुंबलं तर उघडायचं कुठून?" माझं मत विचाराल तर सिंक खिडकीखालीच राहू द्या. खिडकी आहे, उजेड आहे, पाइप आहे. चालू असलेली गोष्ट हलवायला काहीतरी भक्कम कारण लागतं आणि तुमच्या पत्रात मला ते सापडलं नाही, "डिझायनरने सुचवलं" एवढंच सापडलं.

शेगडी आयलंडवर नको हे ज्यांनी सांगितलं त्यांच्या बाजूने मी. मधोमध शेगडी म्हणजे चिमणी छतातून लटकणार, तिचा पाइप छताखालून बाहेरच्या भिंतीपर्यंत जाणार, आणि पाइप जेवढा लांब आणि जेवढी वळणं जास्त तेवढी ओढ कमी. भिंतीला लागून असलेल्या शेगडीच्या धुराला निदान एका बाजूने आधार असतो, मधे तो चारी दिशांना पसरतो. आणि स्टुलावर बसलेल्या माणसाच्या समोर उकळतं भांडं आणि उडणारं तेल. नको.

भिंतीचं आता. पाडता येते की नाही हे ठोकून बघून कळत नाही, जाडीवरूनही खात्रीने कळत नाही, स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलावून लेखी घ्या आणि इमारतीच्या परवानग्या जिथे लागतात तिथे आधी घ्या, मग चर्चा. ती भार घेणारी निघाली तर तुमचा निम्मा वाद आपोआप मिटतो, म्हणून हे खरं तर तीन महिन्यांपूर्वी व्हायला हवं होतं. तिच्यातून पाइप किंवा वायरी जातात का तेही त्याच फेरीत बघून घ्या.

पण समजा पाडता येतेय. तर मला विचारायचंय, त्या तीन स्टुलांवर कोण बसणारे? खरंच नाव घेऊन सांगा. आता तुम्ही संध्याकाळी आत असता तेव्हा नवरा कुठे असतो, मुलगी कुठे असते? ती तिच्या खोलीत दार लावून असेल तर भिंत गेल्याने ती बाहेर येईल असं मला वाटत नाही, आणि नवरा टीव्हीसमोर असेल तर भिंत गेल्यावर तुम्हाला टीव्ही जास्त ऐकू येईल आणि त्याला मिक्सर. एकटं वाटणं खरं आहे, ते मी अजिबात हलक्यात घेत नाहीये. पण ते विटांमुळे किती आणि माणसांमुळे किती हे भिंत असतानाच तपासता येतं. उद्यापासून किचनच्या दारात एक साधं स्टूल ठेवा आणि म्हणा, "इथे बस ना जरा, बोलत बोलत करते." दोन आठवडे बघा. कुणी बसलं तर भिंतीचा विचार जरूर करा. कुणीच बसलं नाही तर भिंत पाडण्याचा खर्च करायच्या आधी घरात एकदा बोलणं व्हायला हवं, आणि ते बोलणं डिझायनरसमोर होणारं नाही.

शिवाय पूर्ण भिंत किंवा काहीच नाही असे दोनच पर्याय कुणी सांगितले? कमरेच्या जरा वरपर्यंत भिंत ठेवून वरचा भाग उघडा करता येतो, म्हणजे हॉल दिसतो, बोलता येतं, ओट्यावरचा पसारा मात्र झाकलेला राहतो आणि किचनच्या बाजूने त्या भिंतीला अरुंद मांडणी लावता येते. किंवा वरच्या भागाला सरकत्या काचा, वास-आवाज नको तेव्हा बंद. किंवा ओट्याचाच एक हात हॉलकडे पुढे काढायचा, एक टोक भिंतीला चिकटलेलं, त्यावर शेगडी नाही, सिंक नाही, नुसती बसायची आणि निवडायची जागा, दीड-दोन फूट रुंद. तुमच्या मापात मला हा तिसरा बसेलसा वाटतो. आई तिथे बसून निवडू शकतील, तेवढीच त्यांची उभं राहण्यातून सुटका. पण परत सांगते, खोकी लावून बघा, मी तुमचं घर पाहिलेलं नाही.

छोट्या गोष्टी भराभर. ओट्याखाली दारवाल्या कपाटांऐवजी पूर्ण बाहेर येणाऱ्या ट्रॉल्या घ्या, आईंना वाकून आत डोकं घालावं लागणार नाही. प्लग ठरवताना आज आहेत ती सगळी उपकरणं लिहा, अजून दोन-तीन होतील असं धरा आणि ओव्हन, डिशवॉशर यांसारख्या जास्त वीज खेचणाऱ्यांना वेगळी लाइन मागा, हे सगळं टाइल्स लागायच्या आधी, नंतर फोडाफोड होते. दिवा छताच्या मधोमध असला तर ओट्यावर आपलीच सावली पडते म्हणून वरच्या कपाटांच्या खाली पट्टीचे दिवे. दगड मापून कापायचा तो खालची कपाटं बसल्यावरच, कागदावरच्या मापाने नाही, जुन्या घराच्या भिंती काटकोनात नसतात. आणि बजेट ठरलं असेल त्यातला दहा ते वीस टक्के भाग बाजूला काढून ठेवा, जुनी फरशी उचलली की खाली काय निघेल हे कुणालाच ठाऊक नसतं.

डिझायनरवर रागावू नका बरं का. तिला पाच वेळा प्लॅन बदलायला लावला तो दर वेळी दुसऱ्याच कुणाच्या तरी मतावर, तीही माणूसच आहे. यावेळी तिच्याकडे जाताना एकच कागद न्या: तुमच्या दोघींच्या कोपरांची मापं, तीन दिवसांचं टिपण, खोक्यांच्या नाटकात काय आपटलं ते, प्लंबर आणि इंजिनियर काय म्हणाले ते. आणि तिला विचारा, "या प्लॅनमधे सगळ्यात आधी आम्ही कशाला वैतागू, असं तुला वाटतं?" चांगली डिझायनर असेल तर तिला याचं उत्तर माहीत असतं, फक्त तिला ते कुणी विचारत नाही. सहावी आवृत्ती या कागदावरून होऊ द्या आणि ती पाहणाऱ्या फक्त तुम्ही दोघी, फार तर नवरा. बहिणींना आणि जावांना काम पूर्ण झाल्यावर जेवायला बोलवा. तोवर शटरचा रंग मात्र त्यांना खुशाल विचारा, त्यांचाही हक्क आहे थोडा, आणि रंगाने कुणाची मान दुखत नाही.

आणि हो, तुम्ही पाठवलेल्या प्लॅनवर फ्रिज कोपऱ्यात भिंतीला टेकवलेला दिसतोय पण त्याचं दार कुठल्या बाजूला उघडतं ते काढलेलं नाही. भिंतीच्या बाजूला बिजागरी असेल तर दार काटकोनापर्यंतच उघडेल आणि आतले भाजीचे कप्पे पूर्ण बाहेर येणार नाहीत. दोन-तीन इंच जागा सोडायला सांगा, आजच.